बाहत्तर नंबरची पट्टी

जितेंद्र कुबलाला दर्या लागायचा, घाटावरच्या माणसाला एसटी लागते तसा. आता मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, गाबताच्या, म्हणजे मासेमाराच्या घरात जन्माला यायचं, बापूस तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आजा तांडेल, आणि आपण होडीत पाय ठेवला की ओकाऱ्या सुरू! याहून मोठी फजिती ती कोणती? बापसाने करायचे ते सगळे उपाय केले. लिंबू चोखायला दिलं, आवळा दिला, देवाला कोंबडा बोलला. एकदा भर दर्यात पोरगा ओकून ओकून निळा पडला, तेव्हा बापसाने जाळं अर्ध्यावर ओढलं, होडी माघारी फिरवली, पोराला पुळणीवर उतरवलं आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हेका आता कोणीतरी रेडिओ दुरुस्त करूक शिकवा."

तो टोमणा होता. जितूने तो शब्दशः घेतला.

शिकला तो खरोखरच. आधी बाजारातल्या एका टीव्हीवाल्याकडे उमेदवारी, मग आयटीआय, मग स्वतःचं टपरीएवढं दुकान, तेही घराच्याच पडवीत. होड्यांवर मासे दाखवणारी यंत्रं आली, जीपीएस आले, वायरलेस आले, आणि खाऱ्या हवेत ती सगळी धडाधड बिघडायला लागली. मग काय, दर्या लागणाऱ्या जितूच्या दारात अख्ख्या किनाऱ्याचे तांडेल डबे घेऊन उभे राहू लागले. बापूस तोवर गेला होता. त्याची होडी धाकट्या देवेशने घेतली. देवेश म्हणजे पाण्यातलाच जीव. उनाड, हसरा, हाताने सढळ. जितू त्याच्याहून बराच मोठा. त्याने लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "राहून गेलं." खरं सांगायचं तर त्याचा सगळा जीव ह्या भावात अडकलेला. देवेशची होडी बाहेर पडली की ह्याचं अर्धं चित्त दुकानात आणि अर्धं दर्यावर.

आता हे वायरलेसचं प्रकरण जरा समजून घ्यायला हवं. होडीवरच्या सेटला पन्नासच्या वर नंबर असतात, पण सेट एका वेळी ऐकतो एकच. सोळा नंबर सगळ्यांचा. जिवावर बेतलं की सोळावर ओरडायचं, असा जगाचा नियम. पण मासा गावला हे सोळावर सांगेल तो तांडेल कसला? शेजारचा लगेच येऊन जाळं मारणार! म्हणून चार-पाच होड्यांचा एकेक गट, आणि प्रत्येक गटाचा आपला एक गुपित नंबर. बांगडा दिसला की तांडेल सोळावर अगदी साळसूदपणे विचारणार, "काय रे, पान खावया?" की गटातले सगळे गुपचूप आपल्या नंबरावर. पान खायचं म्हणजे मासा गावला, आपल्या नंबरावर ये. देवेशच्या गटाचा नंबर होता बाहत्तर.

ह्यात वाईट काही नव्हतं. पण मग देवगडकडच्या एका होडीचं झालं. भर दिवसा बुडाली. माणसं आपल्या गटाच्या नंबरावरच ओरडत राहिली, कारण हाताला तोच नंबर बसलेला; आणि गटातले बाकीचे जाळी ओढून घरी जेवायला गेलेले. किनाऱ्यावरचे सगळे सेट सोळावर. सोळावर सामसूम, म्हणून सगळे निर्धास्त. ही गोष्ट जितूच्या घशाखाली उतरेना. माणूस ओरडतोय, ऐकायला यंत्र आहे, यंत्रासमोर माणूसही बसलाय, आणि तरी कोणाला काही ऐकू येत नाही, म्हणजे काय!

मग त्याने दुकानातलं काम बाजूला टाकलं आणि इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली. गिऱ्हाईक ताटकळलं तरी ह्याचं डोकं लॅपटॉपातून वर येईना. मुंबईहून अंगठ्याएवढी एक डबी मागवली. परसातल्या माडाला पाईप बांधून त्यावर अँटेना चढवली, आणि डबीची वायर जुन्या लॅपटॉपला जोडली. ह्या डबीची गंमत अशी की ती एकेक नंबर ऐकतच नाही. सोळा, बाहत्तर, आठ, दहा, सगळ्या नंबरांचा पट्टाच्या पट्टा ती एकदम आत ओढते. मग तो सगळा गलका लॅपटॉपातला प्रोग्रॅम उभा चिरतो, आणि एकेका नंबराची एकेक पट्टी वेगळी करून हातात देतो. सगळ्या पट्ट्या एकाच वेळी उघड्या. कोणीही कुठल्याही नंबरावर बोलो, जितूला ऐकू येणार.

आई नर्मदा, सत्तरीची बाई, रोज बाजारात माशांची पाटी घेऊन बसलेली. तिने विचारलं, "ह्या काय ता माका समजान सांग."

"आये, रापण ओढतत तेव्हा बांगडे, तारले, कुर्ल्ये, शेवाळ सगळा एकदमच येता ना? मगे तुमी बायलो बसान वेगळा वेगळा करतास. तसाच ह्या."

"आणि हयसर वेगळा करूक कोण बसता?"

"लॅपटॉप."

"आणि बोलाचा कसा? उत्तर खंयसून देतलंस?"

"हेका फकत कान आसत गो. तोंड नाय."

"बरा आसा," नर्मदा म्हणाली. "तुझ्या बापसाक फकत तोंड होता."

पडद्यावर वरून खाली सरकणारं एक निळं चित्र दिसायचं. कोणी बोललं की त्याच्या पट्टीत पिवळी रेघ. जवळचा असला तर ठसठशीत, लांबचा असला तर फिकी. घरात त्याला शब्दच पडला, पट्टी पेटली. बाहत्तर पेटली म्हणजे देवेशला मासा गावला. नर्मदा चुलीकडून हाक मारायची, "पेटली काय रे?" देवेशची बायको प्राजक्ता कट्टा गावच्या शेतकऱ्याची मुलगी. बांगडा कुठला आणि तारली कुठली हे तिला लग्न झाल्यावर कळलं. पण तीही येता-जाता पडद्याकडे मान वळवून जायला लागली.

आणि डबीने एकदा जीव वाचवला. गंगाराम मालंडकर म्हणजे वाडीतला मोठा माणूस, तीन होड्यांचा मालक, देवळात त्याचा शब्द चाले. त्याच्या एका होडीचं इंजिन बंद पडलं आणि होडी खडकाकडे ओढली जाऊ लागली. आत त्याचा भाचा चंदन. चंदन घाबरून गटाच्या नंबरावर, आठवर, ओरडत होता. जितूने ऐकलं, फोन केले, दुसऱ्या होड्या गेल्या आणि चंदन घरी आला. दुसऱ्या दिवशी गंगाराम हातभर लांबीची सुरमई घेऊन दारात. डोळ्यांत पाणी. त्याने जितूचे दोन्ही हात घट्ट धरले. पायरी उतरता उतरता मात्र तो थांबला.

"पण जितू, आमचो आठ नंबर तुका कसो आयकाक येता?"

जितू भोळा. आयुष्यात पहिल्यांदाच कोणा तांडेलाला त्याच्या कामाची एवढी आस्था वाटलेली. हाताला धरून त्याने गंगारामाला पडवीत नेलं आणि सगळं दाखवलं. ही सोळा, ही बाहत्तर, ही तुमची आठ, ही मालवणातल्याच राजकोटवाल्यांची. गंगाराम पडद्याकडे बघत राहिला. सुरमई ठेवून निघून गेला.

त्या हंगामात नेमका देवेशच्या जाळ्याला मासा बरा लागत होता. झालं! पुढचं सांगायलाच नको. "थोरलो आयकता, धाकटो मारता." बाजारात, बंदरावर, चहाच्या टपरीवर हेच. कधी गप्प न बसणारी माणसंही जितूला बघून गप्प व्हायला लागली. देवेश घरी जेवताना मस्करी करायचा, "सांग मरे दादा, गंगाराम आज खंय जाळी मारता? नायतरी आळ इलोच आसा, मगे मासो तरी खावया!" जितू म्हणायचा, "गप जेव." त्याने कधी एक अक्षर सांगितलं नाही. पण हे कोण मानणार? एका सकाळी पुळणीवर वाळत घातलेलं देवेशचं नवं जाळं कोणीतरी सुरीने फाडून ठेवलं. त्या दिवशी देवेशने मस्करी केली नाही.

मग देवळात बैठक बसली. गंगाराम वाईट माणूस नव्हे, उगाच कशाला बोला. त्याने हात जोडूनच सुरुवात केली. "जितू, माझो भाचो तुझ्यामुळे जितो आसा. ता मी मरासर इसराचंय नाय. पण दर्यात गुपित नाय रवला तर पोटाक कायच रवाचा नाय. तू सोळा आयक. गटांचे नंबर बंद कर."

"आणि कोण बुडाक लागलो तर?"

"तर सोळावर वरडतलो. सोळा मगे कित्याक आसा?"

"देवगडची होडी..." जितू म्हणाला.

"आमी देवगडकर नाय," मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

नारळ पुढे आला. गंगारामानेच गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आज तुझ्यासमोर शब्द दिलेलो आसा, लोकांच्या गुपितात कान घालूचंय नाय म्हणान. तेच्यार कोणाचो राग रवलो आसात तर तो दूर कर. तेचो शब्द तू सांभाळ. दर्यात गेलेल्यांका सुखरूप घराक हाड. आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांचा एक आवाज, "होय म्हाराजा!" जितूही म्हणाला. देवेश म्हणाला. बापसाच्या वेळचा जुना खलाशी सत्यवान, तो देवेशच्या मागेच उभा होता, तोही म्हणाला.

घरी येऊन जितू लॅपटॉपासमोर बसला. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पट्टीपुढे एक चौकोन होता, त्यात टिक. टिक काढली की त्या पट्टीचा आवाज बंद. चित्र मात्र दिसत राहणार, कारण डबी तर पट्टाच्या पट्टा ओढतच असते. त्याने आठची टिक काढली, दहाची काढली, एकेक करत सगळ्या काढल्या. बाहत्तरपाशी हात थांबला. ठेवली असती तर कोणाला कळणार होतं? कोणालाही नाही. पण महिनाभर बंदरावर चोर म्हणवून घेतलेला माणूस तो. भावाची तेवढी ठेवली, तर लोक म्हणत होते तेच खरं झालं की! त्याने बाहत्तरची टिक काढली आणि त्याला बरं वाटलं, आंघोळ केल्यासारखं. हे खोटं कशाला बोलू? त्याला खरंच बरं वाटलं.

रात्री जेवताना देवेश म्हणाला, "सगळे बंद केलंस?"

"सगळे."

"जा मरे! नारळ लोकांसाठी. माका तू बंद करशीत?" आणि ताट पुसून खात हसायला लागला.

इथे जितूने सांगायला हवं होतं. होय रे, तुझी पण. चार शब्द. पण भावाच्या तोंडावर 'तुला बंद केलं' म्हणायची त्याला लाज वाटली. तो नुसता हसला. देवेशने त्या हसण्यातून त्याला हवं ते उचललं आणि उठून हात धुतला.

त्यानंतर वाडी निवळली. लोक बोलायला लागले. "जितू म्हणजे शब्दाचो पक्को," असं गंगाराम चार माणसांत म्हणाला, ते जितूच्या कानावर आलं आणि तो दोन दिवस त्याच आनंदात होता. डबीचा पडदा तो अजूनही लावून ठेवायचा. सोळा ऐकायचा, बाकीच्या नुसत्या बघायचा. "पेटली काय रे?" हे आईचं चालूच होतं, आणि पेटली की नाही ते अजूनही सांगता येत होतं.

ऑक्टोबर सरत आला होता. त्या दिवशी सकाळी दर्या गप्प होता, पण दुपारी पश्चिमेला काळं धरलं. बघता बघता वारा फिरला. होड्या एकेक करत परत आल्या, देवेशच्या गटातल्याही आल्या. देवेश तेवढा मागे राहिला. त्याच्यासोबत सत्यवान, दोघंच.

सोळावर त्या दिवशी वेगळीच पीडा लागली होती. कोणाच्या तरी होडीत माईक कशाखाली तरी दबला होता, बटण दाबलेलंच राहिलं होतं, आणि इंजिनाची टकटक सोळावर अखंड चालू. असं झालं की त्या नंबरावर दुसऱ्याचं धड काही येत नाही. जितू शिव्या घालत ह्याला फोन कर, त्याला फोन कर, कोणाचा माईक बघा रे, असं करत होता. ती होडी कोणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या टकटकीतून मध्येच एक तुकडा आला.

"...पान खावया... आयकतंस... पान..."

देवेशचा आवाज. परत टकटक. जितूने पडद्याकडे बघितलं. बाहत्तर पेटली.

आतून नर्मदा बाहेर आली. वाऱ्याने माडाच्या झावळ्या आपटत होत्या. "वारो उठलो रे. सगळे इले, ह्यो खंय रवलो?"

"पेटली गो आये. मासो गावलो, म्हणान रवलो."

"हावरो मेलो!" नर्मदा म्हणाली, आणि तिच्या जिवात जीव आला. प्राजक्ताने बर्फवाल्याला फोन करून ठेवला. मग दोघी सासू-सुना परसात टब धुवायला बसल्या.

बाहत्तर पेटतच राहिली. जितू बघत होता. बोलणं चालू असलं की पट्टीत एक रेघ ठसठशीत, एक फिकी, परत ठसठशीत, असं दिसतं, कारण दोन माणसं दोन अंतरांवरून बोलत असतात. आज सगळ्या रेघा सारख्या. सगळ्या फिक्या. एकच सेट बोलतोय, आणि मध्ये कोणाचं उत्तर नाही. एकटाच काय बडबडतोय हा, जितूच्या मनात आलं. गटातले घरी आल्याचं ह्याला माहीत नाही वाटतं. की जाळं भरलं म्हणून फुशारक्या मारतोय? त्याने माऊस धरला. बाण सरकत सरकत बाहत्तरच्या चौकोनावर गेला. एकदा टिचकी मारली की झालं. नुसतं ऐकायचं, कोणाला काय कळतंय?

मग त्याला देऊळ आठवलं, गंगारामाचे जोडलेले हात आठवले. शब्दाचो पक्को. त्याने हात काढून घेतला. वर स्वतःवर खूशही झाला. रेघा आणखी फिक्या होत गेल्या, मधलं अंतर वाढलं, आणि मग पट्टी निळी झाली. झालं बोलणं, निघाला असेल, असं म्हणून जितू परत सोळावरच्या टकटकीला शिव्या द्यायला लागला.

दिवेलागणीपर्यंत देवेश आला नाही. मग धावाधाव. फोन, पोलीस, स्पीडबोट, पण दर्या कोणाला बाहेर पडू देईना, आणि जायचं म्हटलं तरी कुठे जायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आचऱ्याच्या पुळणीवर पेट्रोलच्या रिकाम्या कॅनला कवटाळून पडलेला सत्यवान सापडला. जिवंत होता. देवेश त्यानंतर तोंडवळीला सापडला, आणि त्याला प्राजक्ताला दाखवू नये असं सगळ्यांनीच ठरवलं.

बारावं झालं, आणि सत्यवान घरी आला. तोवर तो इस्पितळात होता. हाताला पट्टी, आवाज बसलेला. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, खुर्चीवर बसला. नर्मदा समोर जमिनीवर, प्राजक्ता दाराला टेकून उभी, जितू पायरीवर. म्हातारा आपणच बोलायला लागला.

"लाट इली ती इंजिनार. इंजिन बंद. काठी मोडली, अँटेना तिच्याबरोबर गेली. देवेशान तार हाती धरून सेट चालू केल्यान. सोळावर बोलाक बघता तर कायच जाय ना, ती टकटक. म्हणान तो 'पान खावया, पान खावया' करून वरडलो. तुका कळात, तू बाहत्तर बघशीत म्हणान."

जितू मान खाली घालून बसला होता.

"मगे बाहत्तरवर तेना तुका सगळा सांगल्यान. खंय आसंव, पाणी किती भरला, सगळा. मी म्हटलंय, देवेश, कोण उत्तर देणा नाय रे. तर हसलो. माका म्हणता, 'काका, दादाच्या डबयेक तोंड नाय. कान आसत. तो आयकता.'" सत्यवानाने उपरण्याने तोंड पुसलं. "मी म्हटलंय, होडी वाऱ्यार सोड. वारो किनाऱ्याकडे जाता, आचऱ्याच्या पुळणीक लागतलंव, हातपाय मोडले तरी जीव वाचात. आयकूक नाय. म्हणता, 'दादाक ह्योच जागो सांगितलो. तो लोकांका धाडतलो. आमी हल्लंव तर ती आमका खंय सोधतली?' आणि नांगर टाकल्यान. नांगर टाकून वाट बघीत बसलो. लाटो वरसून येय होते, होडी हला नाय, भरत गेली. तो बोलत रवलो, बॅटरी संपासर. शेवटाक तर कायबाय बोला होतो. प्राजक्ताक सांग टब धू म्हणान, मी येतंय म्हणान."

प्राजक्ता दारातून हलली नाही.

"माका फकत येकच इचारूचा होता, जितू," सत्यवान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. "तू तर सगळा आयकलंस. जागो सुद्धा आयकलंस. मगे त्या लोकांका येवक इतको येळ कित्याक लागलो रे?"

आईच बोलली, हळू, आठवत आठवत. "पेटलेली. माका ह्यो म्हणालो. आये, पेटली, मासो गावलो म्हणालो."

"माका दिसला, काका," जितू म्हणाला. "आयकूक नाय."

"म्हणजे?"

"टिक काढलली. देवळात शब्द दिललंय ना. आवाज बंद. फकत दिसता."

देवळात सत्यवानही होता. त्यानेही सगळ्यांबरोबर होय म्हाराजा म्हटलं होतं. त्याला ते आठवलं असणार, कारण त्याचा चेहरा उतरला. पण त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच.

"तेची पण?"

प्राजक्ता दुसऱ्या दिवशी कट्ट्याला माहेरी गेली. जाताना सासूच्या पाया पडली. जितू पडवीत बसला होता. त्याच्याशी ती बोलली नाही, आणि त्यानेही तिला थांबवलं नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार?

गंगाराम आला होता. रडला, स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. वाडीला गोळा करून देवळात दुसरा नारळ ठेवला आणि पहिलं गाऱ्हाणं सोडवून घेतलं. देवा म्हाराजा, आमची चूक झाली, ह्या लेकराचो शब्द आता मोकळो कर. होय म्हाराजा. जितूने घरी येऊन सगळ्या चौकोनांत परत टिक केली. बाहत्तरची सगळ्यांत आधी.

आता गुपित असं राहिलंच नाही. होडी कुठल्याही गटाची असो, बंदराबाहेर पडली की आपल्या नंबरावर तांडेल आधी बोलतो, "जितू, येतंव रे. आयकतंस मरे?" उत्तराची वाट कोणी बघत नाही, डबीला तोंड नाही हे सगळ्यांना ठाऊक. जितू मात्र दर वेळी पडवीत बसून मोठ्याने म्हणतो, "होय." दुकानात आलेलं नवखं गिऱ्हाईक दचकून बघतं.

देवेशच्या गटाने नंबर बदलला. बाहत्तरवर आता कोणी बोलत नाही. नर्मदाचं वय झालं, आताशा तिचं विसरायला होतं. वारा उठला की चुलीकडून तिची हाक येते, "पेटली काय रे?"

जितू तिला लगेच नाही म्हणत नाही. आधी पडद्याकडे वळतो, ती निळी पट्टी वरपासून खालपर्यंत नीट बघतो, आणि मग म्हणतो, "नाय गो आये."